साखर उतरली, पण कशामुळे?

पेणहून रोह्याला निघालात, वडखळ आणि नागोठणे मागे टाकून सुकेळीची खिंड ओलांडलीत, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी झाडी लागते तिला मधुमेहावरच्या औषधांचे उघडे दुकान म्हणायला हरकत नाही. जांभूळ आहे, कडुनिंब आहे, बिवळा आहे. कुंपणांवर गुळवेल चढलेली आहे. जरा आत रानात शिरलात तर बेडकीचा पाला, म्हणजेच गुरमार, झुडपांवर पसरलेला सापडतो. अंगणात सदाफुली, परसात कारल्याचा मांडव. पावसाळ्यात कातकरी आणि ठाकूर बायका भारंगी, टाकळा, कंटोली घेऊन बाजारात बसतात, त्यांना विचारलेत तर आणखी चार पाने आणि दोन मुळ्या कळतील. यांतल्या जवळजवळ प्रत्येक वनस्पतीबद्दल कोणी ना कोणी खात्रीने सांगतो, "हिने साखर उतरते."

सांगणारा खोटे बोलतो असे मुळीच नाही. त्याने साखर उतरलेली खरोखरच पाहिलेली असते. प्रश्न एवढाच, की ती त्या वनस्पतीमुळे उतरली हे त्याला कसे कळले?

आमच्या कॉलेजातली एक विद्यार्थिनी गणपतीच्या सुट्टीनंतर एक वही घेऊन माझ्याकडे आली. तिचे आजोबा रोह्याजवळच्या एका खेड्यात राहतात, भातशेती करतात. गौरीगणपती आटोपल्यावर तिने घरच्या छोट्या यंत्रावर त्यांची रक्तशर्करा पाहिली, ती २१४ भरली. मग आजोबांनी गुरमारची पाने आणि जांभळाच्या बियांची पूड यांचा काढा पंधरा दिवस घेतला. पुन्हा पाहिली तर १६८. हे आकडे दर १०० मिलिलिटर रक्तामागे मिलिग्रॅमचे.

"सर, शेहेचाळीसने उतरली. म्हणजे काढा लागू पडला ना?"

मी विचारले, "दोन्ही वेळा उपाशीपोटी पाहिलीस का?"

"हो सर. सकाळी सहाला, चहासुद्धा घेतला नव्हता."

मुलगी हुशार होती. जेवणानंतरची साखर आणि उपाशीपोटीची साखर यांची तुलना करण्याचा घोटाळा तिने टाळला होता. निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर साधारणपणे ७० ते १०० असते. ती १२६ किंवा त्याहून अधिक वारंवार आढळली तर मधुमेह समजतात. तेव्हा आजोबांना मधुमेह आहे यात शंका नव्हती. त्यांच्या काढ्याची मात्र अजून परीक्षाच झालेली नव्हती. ती कशी करायची, हे आपण या लेखात पाहू.

पहिला संशय यंत्रावर

मी पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे आकडा दिसला की त्याच्या मागे अधिक-उणे किती हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. घरगुती यंत्रांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक २०१३ साली ठरले, त्यानुसार १०० किंवा त्याहून मोठ्या वाचनांत प्रयोगशाळेतल्या अचूक आकड्यापासून १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. आणि शंभरांतली पंचाण्णव वाचने या मर्यादेत बसली तरी पुरे. आता गणित करा. २१४ चे १५ टक्के सुमारे ३२, म्हणजे खरी साखर १८२ ते २४६ यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. १६८ चे १५ टक्के सुमारे २५, म्हणजे खरी साखर १४३ ते १९३ यांच्या दरम्यान. दोन्ही पट्टे १८२ ते १९३ या भागात एकमेकांवर चढलेले आहेत! आजोबांची साखर त्या पंधरा दिवसांत तसूभरही हलली नसेल, ही शक्यता लहान आहे, पण ती निव्वळ दोन वाचनांवरून खोडून काढता येत नाही. लंबकाचा आवर्तकाल काढताना आपण एक आंदोलन न मोजता वीस आंदोलने मोजतो आणि तेही तीन वेळा, ते याचसाठी.

दुसरा संशय गणपतीवर. आजोबांची साखर पाहण्याचे घरच्यांना सुचले केव्हा? मोदक, करंज्या, खीर असे आठ-दहा दिवस झाल्यावर, आजोबांना थकवा वाटू लागल्यावर. म्हणजे साखर नेहमीपेक्षा वर असण्याचीच ती वेळ. वर गेलेली गोष्ट पुढच्या खेपेला आपल्या नेहमीच्या पातळीकडे परत येते, औषध द्या किंवा देऊ नका. भरतीची सर्वांत उंच रेषा पाहून कोणी खाडीला नारळ वाहिला आणि सहा तासांनी पाणी ओसरले, तर नारळाने ओसरले असे आपण म्हणत नाही. पण औषधाच्या बाबतीत हेच सर्रास म्हणतो, कारण माणूस औषध घेतो ते बहुधा भरतीच्याच वेळी.

तिसरी गोष्ट मुलीनेच बोलता बोलता सांगितली. साखर वाढली म्हटल्यावर आजीने आजोबांचा दुसऱ्या वेळचा भात बंद केला होता. आणि डॉक्टरांची गोळी? ती पूर्वीपासून चालू होती, मात्र अधूनमधून चुकत असे. काढ्याबरोबर आठवणीने घेतली जाऊ लागली. म्हणजे त्या पंधरा दिवसांत काढा, भात, गोळी आणि सणाचा शेवट अशा चार गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय एकट्या काढ्याला मिळाले.

हे सगळे नुसते तर्काचे खेळ वाटतील. पण जाता जाता ती म्हणाली, "आजोबा आता गोळी बंद करणार आहेत." तेव्हा मात्र मी तिला बसवून घेतले. रक्तात वर्षानुवर्षे जास्त राहिलेली साखर दुखत नाही, खुपत नाही. ती डोळ्यांतल्या पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे आणि पायांच्या मज्जा गुपचूप खराब करते. पायांची संवेदना गेलेला माणूस अनवाणी लावणीच्या चिखलात उतरला आणि शिंपल्याने तळवा कापला, तर त्याला ते संध्याकाळपर्यंत कळत नाही. अशी जखम चिघळते, आणि कधी कधी पाय काढावा लागतो. गोळी बंद करायची की नाही हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचे, वहीतल्या दोन आकड्यांनी नव्हे. आणि ज्यांच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, अशा पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांनी, त्यांत तुमच्या वयाची मुलेही असतात, इन्शुलिन थांबवून काढ्यावर विसंबणे म्हणजे काही दिवसांत जिवावर बेतणारी गोष्ट आहे. आजवर कोणत्याही वनस्पतीने त्यांच्या इन्शुलिनची जागा घेतलेली नाही.

गुरमारची उलटतपासणी

मग काढ्याचा खरेखोटेपणा ठरवायचा तरी कसा? हे काम आपल्याकडे शंभर वर्षांपासून चालले आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत झाला आहे.

गुरमारचे पान चघळून वर साखर खाल्ली तर ती वाळूसारखी लागते, हे तुमच्यापैकी काहींनी करून पाहिले असेल. पानातली जिम्नेमिक आम्ले जिभेवरच्या गोडाच्या संवेदकांना काही वेळ अडवून धरतात. डेव्हिड हूपर या रसायनज्ञाने १८८७ साली या पानांचे पृथक्करण करून हे आम्ल वेगळे काढले होते. गोड चव मारणारे पान शरीरातली साखरही मारत असेल, ही कल्पना सुचणे साहजिक होते; "गुरमार" आणि "मधुनाशिनी" ही नावेच ती सुचवतात. पण जिभेवर जे घडते ते रक्तात घडेलच असे नाही. १९२६ साली के. जी. घारपुरे या डॉक्टरांनी "इंडियन मेडिकल गॅझेट" मध्ये मधुमेहावरील गुरमारच्या उपयोगासंबंधी लिहिले. पुढे १९३० साली डॉ. के. एस. म्हसकर आणि फादर जे. एफ. केयस यांनी या एकाच वनस्पतीवर स्वतंत्र प्रबंधिका प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना ही पाने दिली असता रक्तशर्करा खाली येते, आणि पान साखरेवर थेट काही करत नसून स्वादुपिंडातून इन्शुलिनचा स्राव वाढवत असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. इन्शुलिनचा शोध लागून तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती, हे लक्षात घ्या. टोरोंटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये ते मिळवले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचले गेले.

म्हसकर आणि केयस यांच्याबद्दल मला विशेष आदर वाटतो तो दुसऱ्या एका कामामुळे. १९३१ साली त्यांनी सर्पदंशावरच्या देशी औषधांची परीक्षा प्रसिद्ध केली. तीनशेहून अधिक वनस्पती तपासल्या आणि एकही विषावर चालत नाही, असे स्पष्ट लिहिले. ज्यांना "नाही" म्हणता येते, त्यांच्या "होय" ला वजन असते. कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बसू यांच्या भारतीय वनौषधींवरील प्रसिद्ध ग्रंथाची दुसरी आवृत्ती ज्या तिघांनी सिद्ध केली, त्यांत हे दोघेही होते.

पहिली पायरी अगदी साधी वाटते: वनस्पती नक्की कोणती? कोकणात "सप्तरंगी" मागितलीत तर एक जण सॅलेशियाचे मूळ देईल आणि दुसरा कॅसिएरियाचे. दोन्ही मधुमेहावर देतात, पण ही दोन वेगळ्या कुळांतली झाडे आहेत. म्हणून संशोधक पाने, फूल, फळ यांसह फांदी दाबून वाळवतात, कागदावर चिकटवतात, कोठे आणि कोणत्या महिन्यात तोडली ते लिहितात आणि जाणकार वनस्पतिशास्त्रज्ञाकडून नाव पक्के करून घेतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर वनस्पतिसंग्रहात अशा वाळवलेल्या नमुन्यांची कपाटेच्या कपाटे आहेत. महिना लिहिणेही महत्त्वाचे. ज्येष्ठातले पान आणि मार्गशीर्षातले पान यांतली द्रव्ये सारख्या प्रमाणात असतील असे धरून चालता येत नाही.

दुसरी पायरी अर्काची. पाने सावलीत वाळवून भरड कुटायची, पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवून द्रव्ये उतरवायची, गाळून द्रव उडवून लावायचा. तळाशी राहते ते अर्काचे सत्त्व, आणि त्याचे वजन करता येते. आजीच्या काढ्यात "मूठभर पाने" असतात. मूठ कोणाची, यावर औषधाची मात्रा अवलंबून राहिली तर परीक्षा होणार कशी? पाण्यात उतरणारी द्रव्ये वेगळी आणि अल्कोहोलमध्ये उतरणारी वेगळी, म्हणून एकाच पानाचे दोन अर्क दोन निराळी औषधे असल्यासारखे तपासावे लागतात.

यापुढची पायरी प्राण्यांची. ती तुम्ही घरी किंवा शाळेत करण्याची नाही. त्यासाठी प्रशिक्षित माणसे आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. उंदरांना आधी मधुमेह व्हावा लागतो. १९४३ साली असे आढळले, की अ‍ॅलोक्झान नावाचे रसायन स्वादुपिंडातल्या इन्शुलिन करणाऱ्या पेशींचाच नाश करते. आता बहुधा स्ट्रेप्टोझोटोसिन वापरतात. ते मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळते. मग उंदरांचे गट पाडतात. एक निरोगी, एक मधुमेही, ज्याला नुसते पाणी, एक मधुमेही, ज्याला ठाऊक असलेली गोळी, आणि उरलेले मधुमेही, ज्यांना अर्काच्या वेगवेगळ्या मात्रा.

नुसते पाणी पिणारा गट पाहून विद्यार्थी नेहमी विचारतात, की याचा उपयोग काय. सगळ्या प्रयोगाचा खांब तोच आहे. अ‍ॅलोक्झानने मधुमेही झालेले काही प्राणी कोणत्याही औषधावाचून आपोआप बरे होतात! पाण्याचा गट नसता तर त्यांचे बरे होणे अर्काच्या खात्यावर जमा झाले असते.

उंदरावरून माणसाकडे येताना मात्रेचे गणित करावे लागते, आणि ते मला फार आवडते. समजा, उंदराला दर किलो वजनामागे २०० मिलिग्रॅम अर्क लागू पडला. ६० किलोच्या माणसाला मग १२ ग्रॅम? नाही. लहान प्राण्याचे पृष्ठफळ त्याच्या वजनाच्या मानाने मोठे असते, तो उष्णता भराभर गमावतो, म्हणून त्याच्या शरीरातल्या रासायनिक क्रियाही जोरात चालतात आणि औषधाचाही निकाल तो लवकर लावतो. हा हिशोब धरून मोठ्या उंदराची मात्रा माणसासाठी सुमारे ६ ने भागतात. उत्तर येते २ ग्रॅम. ते अर्काचे, पानांचे नव्हे. आणि तेसुद्धा परीक्षेच्या आरंभाचा अंदाज म्हणून. औषध म्हणून नव्हे.

साखर रंगाने मोजतात

या सगळ्या खटाटोपात साखर मोजायची कशी, हे थोडे सांगितले पाहिजे. प्रयोगशाळेत रक्तद्रवात ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर मिसळतात. ते ग्लुकोज ओळखते आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने त्याचे ग्लुकॉनिक आम्ल करते. सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. दुसरे विकर त्या पेरॉक्साइडच्या मदतीने एका रंगहीन द्रव्याला गुलाबी रंग आणते. साखर जितकी जास्त, रंग तितका गडद. या द्रावणातून हिरवा प्रकाश सोडला की गुलाबी द्रावण त्यातला काही भाग गिळते; किती गिळला ते प्रकाशविद्युत घट सांगतो. शोषण हे रंगद्रव्याच्या प्रमाणात असते, हा बेअर आणि लँबर्ट यांचा नियम, आणि त्यावरून साखरेचा आकडा निघतो. आजोबांच्या छोट्या यंत्रातली पट्टीही अशाच विकरावर चालते, फक्त तिथे रंगाऐवजी इलेक्ट्रॉन मोजतात, म्हणजे अगदी क्षीण विद्युतप्रवाह.

ज्या पद्धतीत रंग मोजायचा, तिथे रंगीत काढा घोटाळा करू शकतो. तसेच "क" जीवनसत्त्व पेरॉक्साइडला मधल्या मध्ये फस्त करते. भरपूर "क" जीवनसत्त्व घेणाऱ्याच्या लघवीत साखर असूनही पट्टी ती नाही म्हणू शकते. साखर तिथेच, दिसेनाशी झाली ती फक्त आपल्या पट्टीला.

माणसांवरची परीक्षा

बिवळ्याला संस्कृतात बीजक आणि हिंदीत विजयसार म्हणतात. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवून सकाळी पिण्याची चाल आहे. त्या पाण्याकडे उन्हात आडवे पाहिलेत तर तपकिरी पाण्यावर निळसर झाक दिसते. ही प्रतिदीप्ती. बिवळ्याच्या प्रजातीतलेच एक झाड फिलिपाइन्समध्ये होते. तसल्या लाकडाच्या पाण्यातला निळा रंग पाहून सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइल चकित झाला होता आणि त्याने त्यावर प्रयोग केले होते. असो, मधुमेहाला या निळ्या झाकेशी काही कर्तव्य नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विजयसारची परीक्षा चार केंद्रांवर घेतली. ती १९९८ साली प्रसिद्ध झाली. नव्याने निदान झालेल्या, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या ९७ रुग्णांना रोज २ ते ४ ग्रॅम अर्क दिला. बारा आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात आली. उपाशीपोटीची सरासरी १५१ होती, ती ३२ ने उतरली. जेवणानंतरची २१६ होती, ती ४५ ने उतरली.

आजोबांच्या वहीपेक्षा हे कितीतरी भक्कम. ९७ माणसे, चार गावे, मोजलेला अर्क. तरीही पाण्याच्या गटासारखा गट यात नव्हता. डॉक्टरला आणि रुग्णाला दोघांनाही ठाऊक होते की आपण विजयसार देतो-घेतो आहोत. नुकतेच निदान झालेला माणूस घाबरून भात आणि गोड कमी करतोच. मग ३२ पैकी किती विजयसारचे आणि किती भीतीचे? हे ओळखूनच परिषदेने पुढे टॉल्ब्युटामाइड या जुन्या गोळीशी तुलना करणारी दुसरी परीक्षा घेतली, जिच्यात कोणाला काय मिळते आहे हे दोघांनाही कळू दिले नव्हते. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. अशा परीक्षेत कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवतात, म्हणजे डॉक्टरने नकळत बरी माणसे एका बाजूला घालण्याचा संभव उरत नाही.

गुरमारवर मद्रासला झालेले काम १९९० साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या प्रकारच्या २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर दीड वर्षाहून अधिक काळ अर्क दिला; पाच जणांच्या गोळ्या बंद करता आल्या. निष्कर्ष आशादायक आहे, पण इथेही चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. शिवाय गुरमारच्या परीक्षेत एक गमतीची अडचण आहे. पान चघळायला दिले तर रुग्णाला गोड लागतच नाही, म्हणजे आपल्याला काय मिळाले आहे हे त्याला जिभेवरून कळते! आणि गोड बेचव लागले म्हणून त्याने पेढा खाल्ला नाही, तर साखर उतरली ती इन्शुलिनमुळे की न खाल्लेल्या पेढ्यामुळे? यावर उपाय म्हणून अर्क बंद कुपीत घालून देतात, जिभेला न लागता पोटात जाईल असा.

परीक्षेत उतरलेल्या, न उतरलेल्या

कोणाला वाटेल, की एवढे आडवे-तिडवे प्रश्न विचारून आम्ही झाडपाल्याला नापासच करायला बसलो आहोत. तसे नाही. आज जगात मधुमेहावर सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी, आजोबांच्या घरच्या पाकिटावरही बहुधा तिचेच नाव असेल, ती मेटफॉर्मिन. तिचे मूळ एका युरोपीय झुडपात आहे. गॅलेगा नावाच्या त्या झुडपात ग्वानिडीन जातीची द्रव्ये असतात. ती साखर उतरवतात, पण विषारी. त्यांच्या नात्यातले मेटफॉर्मिन १९२२ साली डब्लिनला तयार झाले आणि १९५७ साली पॅरिसच्या डॉ. जाँ स्टेर्न यांनी ते मधुमेही रुग्णांना दिल्याचे प्रसिद्ध केले. सफरचंदाच्या झाडाच्या सालीत १८३५ साली सापडलेल्या फ्लोरिझिनची कथाही अशीच. त्याने लघवीवाटे साखर बाहेर पडते हे १८८६ साली दिसले, आणि त्या धाग्यावरून सव्वाशे वर्षांनी ग्लिफ्लोझिन नावाच्या गोळ्या आल्या. दोन्ही ठिकाणी झाडाने वाट दाखवली. चालावे लागले ते माणसांना, पिढ्यान्‌पिढ्या.

सदाफुलीची गोष्ट तर आणखी विलक्षण. जमैका बेटावर तिच्या पानांचा चहा मधुमेहावर घेत. १९५२ साली तिथून आलेली पाने कॅनडातल्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोहोचली. त्यांनी अर्क उंदरांना दिला. साखर हलली नाही. उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. सहकारी चार्ल्स बिअर यांच्याबरोबर त्यांनी १९५८ पर्यंत त्यातले द्रव्य शुद्ध केले, ते व्हिन्ब्लास्टिन, कर्करोगावरचे एक मोलाचे औषध. आता विचार करा: आपल्याकडे अजूनही कोणी सकाळी अनशापोटी सदाफुलीची पाने चावतात, "नैसर्गिक आहे, अपाय काय होणार" म्हणून. त्याच पानांतून पेशींची वाढ रोखणारे द्रव्य निघाले आहे.

अपायाची उदाहरणे जवळचीही आहेत. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी आणि कारल्याचा रस पिऊन मृत्यू झाला. दुधी कडू निघाला होता. त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने कडू लागणारा दुधी रसासाठी वापरूच नये असे बजावले. आणि १९७९ साली ब्रिटनमध्ये गोळी घेत असलेल्या एका बाईने आहारात कारले वाढवले, तेव्हा दोहोंचा परिणाम एकत्र होऊन साखर अपेक्षेपेक्षा खाली गेली, अशी नोंद "लॅन्सेट" मध्ये आहे. म्हणून काढा घेत असाल तर तो डॉक्टरांपासून लपवू नये, हे मी त्या मुलीला सांगितले.

घरी करण्याजोगा प्रयोग

मित्रहो, वर सांगितलेल्या परीक्षेतला एक लहानसा भाग तुम्हांला शाळेत करता येईल. भातातला स्टार्च फुटून साखर होण्याचे काम तोंडातल्या लाळेपासूनच सुरू होते. हे काम मंदावले तर जेवणानंतरची साखर सावकाश चढते. अ‍ॅकार्बोज ही गोळी याच तत्त्वावर चालते. जपानी संशोधकांनी १९९७ साली सॅलेशियाच्या एका जातीतून सॅलॅसिनॉल हे द्रव्य वेगळे केले, तेही आतड्यात साखर सुटी करणाऱ्या विकराला अडवते.

भाताची निवळ पेज घ्या, तिच्यात दहापट पाणी घाला आणि ती पूर्ण गार होऊ द्या. चार परीक्षानळ्या घ्या. पहिलीत पेज आणि पाणी. दुसरीत पेज आणि थोडी लाळ. प्रत्येकाने आपलीच लाळ वापरावी. तिसरीत पेज, लाळ आणि जांभळाच्या बियांचा गाळलेला काढा. चौथीत पेज आणि काढा, लाळ नाही. सर्वांतले द्रव पाणी घालून सारख्या उंचीचे करा. दर दोन मिनिटांनी प्रत्येक नळीतला एक थेंब पांढऱ्या बशीवर घेऊन त्यात पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. पहिलीत निळा रंग टिकेल, दुसरीत हळूहळू नाहीसा होईल. तिसरीत तो दुसरीपेक्षा जास्त वेळ टिकला तर काढ्याने लाळेला अडवले असे वाटेल.

पण आधी चौथी नळी पाहा. काढ्यातली काही द्रव्ये आयोडीनलाच रंगहीन करतात. चौथीतही निळा रंग आला नाही, तर तिसरीवरून काहीही म्हणता येणार नाही. बशीवरचा रंग पाहणाऱ्याला कोणता थेंब कोणत्या नळीतला हे सांगू नका. नळ्यांना आकडे देऊन यादी दुसऱ्याने जवळ ठेवावी. आणि तिसरी, चौथी अशा आणखी एका जोडीत जांभळाऐवजी दूध-साखर न घातलेला कोरा चहा घाला. चहातली तुरट द्रव्येही लाळेच्या विकराला चिकटून त्याला जखडतात, त्यामुळे तिथेही रंग रेंगाळण्याचा बराच संभव आहे. रोह्यातले आणि पेणमधले निम्मे मधुमेही दिवसातून तीन वेळा चहा पितात.